मोरोक्को रस्त्याने: सोलापूरहून निघणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकाच फेरीत जुनी शहरं, बर्फाचे डोंगर आणि वाळवंट, हे खरंच जमतं का?

जमतं. उत्तरेला रबात, मेकनेस, फेस ही जुन्या राजधान्यांची ओळ आहे. फेसहून दक्षिणेला वळलं की मिडल ॲटलसचं देवदारांचं जंगल लागतं, मग मिदेल्तचं पठार, हाय ॲटलसचं पूर्वेकडचं टोक, झीझ नदीचं खोरं आणि शेवटी मेर्झूगाची वाळू. परतीला तोद्रा आणि दादेसच्या घळी, वारझाझात, आयत बेन हद्दूची मातीची जुनी गढी, तिझी-न-तिश्का घाट, माराकेश आणि पुन्हा कासाब्लांका. हे वर्तुळ साधारण सोळाशे किलोमीटरचं होतं. निळ्या भिंतींचं शेफशाऊन मध्ये घातलं तर अठराशे धरा. पूर्ण वाट डांबरी आहे, साधी छोटी गाडी पुरते.

किती दिवस काढावे लागतील?

मुक्कामाच्या बारा रात्री. दहांत बसवता येतं, पण मग रोज बॅगा भरणं आणि उपसणं एवढंच होतं. आमची विभागणी अशी: कासाब्लांका किंवा रबात १, फेस ३ (जाताना वाटेत वोलुबिलिसचे रोमन अवशेष आणि मेकनेस), मिदेल्त १, मेर्झूगा २, दादेस किंवा तोद्रा १, आयत बेन हद्दू १, माराकेश ३. दिवस कमी पडत असतील तर शेफशाऊन आणि कासाब्लांका गाळा. मेर्झूगाची दुसरी रात्र मात्र गाळू नका. तासन् तास गाडीत बसून आलेला माणूस पहिल्या संध्याकाळी वाळवंट बघत नाही, पाठ चोळत बसतो.

बेत किलोमीटरवर आखू नका, तासांवर आखा. कासाब्लांका ते माराकेश साधारण २४० किलोमीटर, म्हणजे सोलापूर ते पुण्याएवढं; टोलरोडने अडीच-पावणेतीन तासांत होतं. वारझाझात ते माराकेश त्याहून कमी, जेमतेम दोनशे, पण मध्ये तिश्का घाट आहे आणि चार-साडेचार तास लागतात. फेस ते मेर्झूगा साधारण ४६० किलोमीटर, थांबे धरून नऊ तास. म्हणूनच मिदेल्तला रात्र काढा असं सांगतो.

दुसरी एक गोष्ट नकाशात दिसत नाही. आपल्याकडे लांबच्या प्रवासाला पहाटे पाचला गाडी काढायची सवय असते. डिसेंबरात तिथे सकाळी आठच्या पुढे उजाडतं आणि साडेसहाच्या आत अंधार पडतो. पाचला निघालात तर पहिले तीन तास काळोखात, आणि त्याच वेळी रस्त्यावर बिनदिव्याच्या सायकली, गाढवं आणि मेंढ्यांचे कळप असतात. न्याहारी करून साडेआठला निघा, अंधारापूर्वी मुक्कामी पोचा. रात्री शहराबाहेर गाडी चालवायची नाही, हा नियम मोडावा असं एकही कारण या वाटेवर नाही.

माराकेशहून दोन दिवसांत वाळवंट दाखवून आणतो म्हणतात. घ्यावी का ती सहल?

दोन दिवसांची सहल बहुधा झागोराकडे जाते. तिथे खडकाळ माळ आणि थोडी वाळू आहे, पण फोटोत दिसणाऱ्या उंच सोनेरी टेकड्या नाहीत. त्या मेर्झूगाच्या एर्ग शेब्बीत आहेत, दीडशे मीटरपर्यंत उंच. माराकेश ते मेर्झूगा साधारण ५६० किलोमीटर, दहा तास. तीन दिवसांखाली ते होत नाही, आणि तीन दिवसांतही दोन दिवस खिडकीतून बाहेर बघण्यातच जातात. पैसे भरण्याआधी एकच विचारा: मुक्काम झागोराला की मेर्झूगाला?

सोलापूरहून निघताना कागदपत्रांचा क्रम कसा ठेवायचा?

आधी पासपोर्ट. परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने मुदत शिल्लक हवी. मग व्हिसा: भारतीय पासपोर्टवर मोरोक्कोचा ई-व्हिसा त्यांच्या सरकारी पोर्टलवरून काढता येतो, तीस दिवसांपर्यंतच्या मुक्कामाचा. गूगलवर वर दिसणाऱ्या दलालांच्या साइटी सरकारी साइटसारख्याच दिसतात आणि दुप्पट पैसे घेतात. पत्ता नीट वाचा. नाव पासपोर्टवर जसं छापलंय तसंच टाका. वडिलांचं नाव मधे घालायचं की नाही, यात आपल्याकडचे बरेच अर्ज अडकतात. व्हिसाची प्रत छापून जवळ ठेवा, मोबाइलवर विसंबू नका.

व्हिसा हातात आला की इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट. ते आपल्याच आरटीओत निघतं. फॉर्म ४-ए, फी १००० रुपये, मुदत एक वर्ष. चालू लायसन्स, पासपोर्ट, व्हिसा आणि तिकिटाची प्रत लागते, म्हणूनच व्हिसाआधी परमिटच्या रांगेत उभं राहू नका. परमिट एकटं चालत नाही, मूळ लायसन्सही सोबत लागतं. लायसन्सची मुदत सहलीच्या मधे संपत असेल तर आधी ते नूतनीकरण करून घ्या.

विमान मुंबईहून आखाती देशांमार्गे, दोहा, दुबई किंवा अबू धाबीत बदलून कासाब्लांका. सोलापूरहून मुंबईला रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस गाठली तरी उतरल्यावर विमानतळापर्यंतचा वेळ हिशेबात धरा. सकाळच्या विमानासाठी आदल्या दिवशीच मुंबईत असलेलं बरं.

स्वतः चालवावी की ड्रायव्हरसकट घ्यावी?

दोघं-चौघं असाल, त्यातल्या दोघांना घाटात चालवायची सवय असेल आणि कुणाला वाटेल तिथे थांबून फोटो काढायचे असतील, तर स्वतः चालवा. सहा-आठ जण, सोबत आई-वडील, मुलं असतील तर ड्रायव्हरसकट मोठी व्हॅन घ्या. दोन छोट्या गाड्या करून एकमेकांच्या मागे धावणं महागही पडतं आणि फेसच्या गर्दीत हमखास चुकामूक होते.

ड्रायव्हरची गाडी ठरवताना हे लिहून घ्या: त्याचं जेवण-राहणं भाड्यात आहे का, डिझेल आणि टोल कुणाचा, दिवसाला किती तास, आणि गाडीला पर्यटक वाहतुकीचा परवाना आहे का. परवाना नसलेली गाडी पोलिसांनी अडवली तर खोळंबा तुमचा होतो. वाटेत ड्रायव्हर जिथे जेवायला थांबवतो तिथे त्याला सहसा कमिशन असतं. त्यात गैर काही नाही, पण ‘पुढच्या गावात थांबू’ म्हणायला लाजू नका.

भाड्याची गाडी ताब्यात घेताना काय तपासायचं?

हा वेळ कंजूषपणे वापरू नका, वीस मिनिटं द्या. बहुतेक वाद गाडी परत करताना होतात आणि त्यांचं मूळ इथेच असतं.

गाडीभोवती फिरून सलग व्हिडिओ काढा: चारही दरवाजे, बंपरच्या खालची कड, चाकांच्या रिमा, छत, पुढच्या काचेवरचे बारीक टवके. मग किलोमीटर आणि इंधनाचा काटा. काच, टायर आणि गाडीचा खालचा भाग नेहमीच्या विम्यात बहुधा धरलेले नसतात, आणि खडीच्या रस्त्यावर नेमकं हेच जातं. त्यासाठी वेगळा विमा किती, ते तिथेच विचारा. डिकी उघडून स्टेपनी बाहेर काढा आणि तिच्यात हवा आहे का ते बघा. जॅक, पाना, लाल त्रिकोण, चमकणारं जॅकेट जागेवर हवं. गाडीची नोंदणी, विमा आणि भाडेकरार एका पाकिटात असतात. पोलिस तेच मागतात.

अनामत रक्कम चालकाच्याच नावाच्या क्रेडिट कार्डावर अडकवतात. डेबिट आणि फॉरेक्स कार्ड अनेक ठिकाणी नाकारतात. कार्डाची मर्यादा आणि परदेशी व्यवहाराची परवानगी इथूनच चालू करून घ्या. विमानतळावर बँकेचा ओटीपी न आल्याने काउंटरवर ताटकळणारे पुष्कळ असतात, कारण रोमिंग चालू केलेलं नसतं.

गाडी बहुधा डासिया असते: लोगन, सँडेरो किंवा डस्टर. यातल्या बऱ्याच गाड्यांत रिव्हर्स टाकताना गियरच्या मुठीखालची कडी बोटांनी वर ओढावी लागते, नाहीतर पहिला गियर पडतो. भिंतीला तोंड करून गाडी उभी करण्याआधी हे एकदा करून बघा.

उजव्या बाजूने चालवायची सवय कशी लागते? चुका कुठे होतात?

सरळ रस्त्यावर सगळं ठीक चालतं. चूक होते ती पंपावरून किंवा धाब्यावरून रिकाम्या रस्त्यावर येताना. समोर दुसरी गाडी नसते आणि हात आपोआप डावीकडे वळवतात. शेजारी बसणाऱ्याने प्रत्येक वेळी मोठ्याने ‘उजवीकडे’ म्हणायचं, एवढा साधा उपाय पुरतो.

दुसरी चूक जास्त छुपी आहे. स्टिअरिंग डावीकडे असतं, पण आपल्या अंगाला रस्त्याच्या आपल्या बाजूच्या उजव्या भागात बसायची सवय असते. त्यामुळे नकळत गाडी उजव्या कडेला सरकत जाते. गावाबाहेरच्या रस्त्यांना साइडपट्टी खडीची, डांबरापासून चांगली वीतभर खाली असते. चाक तिथे उतरलं आणि झटक्याने वर घेतलं की टायर कापतो, गाडी समोरच्या बाजूला फेकली जाते. चाक उतरलंच तर ॲक्सिलरेटर सोडा, वेग पडू द्या, मग हळू वर घ्या.

आपल्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटर उजव्या हाताला असतो, तिथे डाव्या. पहिले दोन दिवस प्रत्येक वळणावर वायपर फिरणार, हसून सोडून द्या. चौकातल्या गोलाकारात घड्याळाच्या उलट दिशेने फिरायचं आणि आधी डावीकडे बघायचं. पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. हे आपल्याकडे कुणी पाळत नाही, तिथे पाळतात आणि न बघता येतात.

पोलिस खूप अडवतात का?

नाके भरपूर आहेत. गावाच्या वेशीवर वेगाच्या पाट्या लागतात: ८०, ६०, ४० आणि शेवटी थांबा. तुम्हाला हाताने पुढे जा म्हणेपर्यंत थांबायचं, बाकी काही नाही. मर्यादा वस्तीत ६० किंवा ४०, बाहेर १००, टोलरोडवर १२०. हातात धरायच्या रडारने वेग मोजतात आणि पकडतात ते बहुधा वस्ती संपल्यासारखी वाटते पण मर्यादा उठलेली नसते त्या शेवटच्या अर्ध्या किलोमीटरवर. ‘मर्यादा संपली’ची पाटी दिसेपर्यंत पाय आवरा. भरीव सलग पांढरी रेघ ओलांडून ओव्हरटेक, थांब्याच्या पाटीवर पूर्ण न थांबणं, मागच्यांनी पट्टा न लावणं, यांचा दंड होतो. तो जागेवर भरता येतो, छापील पावती घ्या. पोलिसांचे आणि नाक्याचे फोटो काढू नका.

समोरून येणाऱ्याने डिपर मारला तर पुढे रडार आहे असं समजा.

घाट किती अवघड आहेत?

तिश्काची खिंड २२६० मीटरवर आहे. रस्ता बराच रुंद केलेला आहे, तरी अवघड वळणं आहेतच. फेसच्या बाजूची कोल दु झाद ही खिंड २१७८ मीटर, पण चढ संथ. तिथे त्रास वळणांचा नाही, वाऱ्याचा आणि बर्फाचा.

चढताना अडचण येत नाही, गाडी तापते ती उतारावर, आणि तापतात ब्रेक. वीस-पंचवीस किलोमीटरच्या सलग उतारावर पाय ब्रेकवरच ठेवला की पॅड आणि तेल इतकं तापतं की पेडल मऊ होऊन खाली जातं. उपाय जुनाच: ज्या गियरमध्ये चढलो असतो त्याच गियरमध्ये उतरायचं, बहुतेक ठिकाणी दुसरा-तिसरा. ब्रेक थोडा वेळ जोरात दाबायचा, सोडायचा. जळका वास आला तर रुंद जागा बघून थांबा, हँडब्रेक न ओढता गाडी गियरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा, वीस मिनिटं गप्प बसा. चाकावर पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकते. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडण्याची आपल्याकडची कला इथे दाखवू नका.

ट्रकमागे अडकलात तर अडकून राहा. तिथले ट्रकवाले पुढचा रस्ता मोकळा दिसला की उजवा इंडिकेटर देऊन ‘जा’ म्हणतात. पण खात्री स्वतःच्या डोळ्यांनीच करायची. मागे बसणाऱ्यांना घाट लागत असेल तर गोळी चढ सुरू व्हायच्या अर्धा-एक तास आधी घ्या, वळणं लागल्यावर नाही.

बर्फ खरंच पडतो?

पडतो, आणि चांगला पडतो. फेसपासून साठ किलोमीटरवरच्या इफ्रानला ११ फेब्रुवारी १९३५ रोजी उणे २३.९ अंश नोंदले गेले होते. डिसेंबर ते मार्च झाद आणि तिश्का दोन्हीकडे बर्फाची फाटकं आहेत; वादळात ती बंद होतात आणि साफसफाई होईपर्यंत, कधी दिवसभर, उघडत नाहीत. थंडीत जाणार असाल तर डोंगराच्या अलीकडे एक रात्र शिल्लक ठेवा आणि परतीचं विमान घाट उतरल्याच्या दुसऱ्या दिवशीचं नको. फाटक बंद असताना ‘आडवाटेने नेतो’ म्हणणारा भेटतोच. त्याच्या मागे जाऊ नका.

मग जायचं कधी?

मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत, किंवा सप्टेंबर संपताना ते नोव्हेंबर. सोलापूरच्या उन्हाळ्यात वाढलेल्या माणसाला ४५ अंशांचं भय नसतं, पण जुलै-ऑगस्टच्या मेर्झूगात तंबूत पंखासुद्धा नसू शकतो आणि वाळू चपलेतून पाय भाजते. डिसेंबर-जानेवारीत दुपार सुखाची आणि पहाट शून्याच्या आसपास असते. अशा वेळी तंबूत किती पांघरुणं मिळतात ते विचारा. सोलापुरी चादर सोबत असेल तर ती आतून घ्या, त्यांचं जाड घोंगडं वरून.

रमजानची तारीख बघून घ्या. त्या महिन्यात दिवसा लहान गावांतली जेवणाची ठिकाणं बंद असतात. घड्याळही बदलतं: एरवी आपण साडेचार तास पुढे असतो, रमजानात साडेपाच. सूर्यास्तापूर्वीचा अर्धा तास रस्त्यावर सर्वांत वाईट, कारण जो तो घर गाठायला सुसाट निघतो. त्या वेळी गाडी उभी करून थांबा. पुढचा तासभर रस्ते ओस असतात.

भाड्याची गाडी वाळूत घालता येते का?

नाही. डस्टरसुद्धा नाही, ती बहुधा दोनच चाकांवर ओढणारी असते. डांबर सोडून कच्च्या वाटेवर गेलात की करारातला विमा संपतो, आणि वाळूतून गाडी ओढून काढणारा ट्रॅक्टर त्याला सुचेल ती रक्कम मागतो. मेर्झूगा आणि शेजारच्या हस्सीलाबिएद गावापर्यंत डांबर आहे. गाडी हॉटेलच्या आवारात ठेवा. पुढे उंटाने किंवा तंबूवाल्यांच्या जीपने जा. अल्जेरियाची सीमा इथून हाकेवर आहे आणि १९९४ पासून बंद आहे, त्यामुळे वाळूतल्या चाकोऱ्या धरून स्वतःहून हिंडणं नकोच.

गाडीचं चाक रस्त्याकडेच्या वाळूत रुतलं तर ॲक्सिलरेटर दाबू नका. चाक फिरतं तसं गाडी पोटावर बसत जाते. आधी सगळे उतरा. चाकांपुढची वाळू हाताने लांब, उतरती काढा. गाडी ओढणाऱ्या पुढच्या दोन चाकांतली हवा ३२ पीएसआयवरून १८ पर्यंत सोडा. टायर पसरतो आणि पकड मिळते. पायपुसण्या चाकांखाली सरकवा, स्टिअरिंग सरळ ठेवा, दुसऱ्या गियरमध्ये क्लच हळू सोडा आणि बाकीच्यांनी मागून रेटा द्या. रस्त्यावर आल्यावर कमी हवेने ताशी तीसच्या वर जाऊ नका आणि पहिल्याच पंपावर हवा भरा.

वाळूचं वादळ आलं तर डांबरावर थांबू नका, मागचा ट्रक तुमच्यावर येईल. रस्त्यापासून पूर्ण बाहेर घ्या, काचा आणि हवेचं झडप बंद, दिवे बंद, पाय ब्रेकवरून काढा. मागचे लाल दिवे पाहून दुसरा त्यांच्या रोखाने येऊ शकतो.

वाळवंटात पुराची भीती कशी?

हाच प्रश्न लोक विचारत नाहीत, म्हणून इथे घातला. त्या भागात पूल कमी. कोरड्या नदीच्या पात्रात रस्ताच खाली उतरवलेला असतो आणि कडेला लाल-पांढरे खांब असतात. पाऊस तीस किलोमीटरवरच्या डोंगरात पडतो, तुमच्या डोक्यावर ऊन, आणि पात्रात तांबडं पाणी येतं. सप्टेंबर २०२४ मध्ये याच आग्नेय पट्ट्यात मोठे पूर आले होते. वाहत्या पाण्यात गाडी घालू नका. फूटभर पाणी छोटी गाडी उचलायला पुरतं, आणि खालचं डांबर वाहून गेलंय की आहे ते वरून कळत नाही. थांबा. बहुतेक वेळा काही तासांत पाणी ओसरतं. आधी स्थानिक ट्रक जाऊ द्या.

उंटावर ज्येष्ठांना झेपतं का?

गुडघे आणि कंबर धड असेल तर तासाभराला हरकत नाही. उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, म्हणून माणूस पुढे फेकला जातो, बसतानाही तसंच. दोन्ही वेळा मागे रेला आणि मूठ घट्ट धरा. जमणार नसेल तर त्याच तंबूत जीपने पोचवतात, त्यात कमीपणा नाही. तंबूत फक्त एका रात्रीची पिशवी न्या. मोठ्या बॅगा गाडीत.

फेस आणि माराकेशच्या जुन्या भागात गाडी कुठपर्यंत जाते?

दरवाजापर्यंत. फेस अल-बालीत गाडी शिरतच नाही. सामान गाढवावर किंवा हातगाडीवर जातं आणि मागून ‘बालाक!’ (बाजूला व्हा) असा आवाज आला की भिंतीला चिकटायचं. मुक्कामाच्या रियादचं (आत अंगण असलेल्या जुन्या घरातलं हॉटेल) लोकेशन टाकून गाडी चालवू नका. नकाशा तुम्हाला अशा बोळात नेतो जिथून रिव्हर्सनेच बाहेर यावं लागतं. आधी रियादला विचारा, जवळचं पार्किंग कोणतं. फेसमध्ये बहुधा ऐन अझ्लितेन किंवा रसीफ सांगतात. तिथे पोचून फोन केला की माणूस हातगाडी घेऊन येतो. राखणदाराला दिवसाचे पाच आणि रात्रीचे वीस दिरहमपर्यंत (दिरहम हे तिथलं चलन) द्यावे लागतात. कठड्याला लाल-पांढरा रंग असेल तिथे गाडी उभी करायची नाही, चाकाला कुलूप लावतात.

‘हा रस्ता बंद आहे, मी दाखवतो’ म्हणणारी पोरं दोन्ही शहरांत भेटतात. रस्ता बंद नसतो. हसून ‘ला, शुक्रन’ (नको, धन्यवाद) म्हणा आणि चालत राहा. फेसमध्ये पहिल्या दिवशी मात्र परवानाधारक मार्गदर्शक घ्या, अर्ध्या दिवसाचा. नऊ हजारांवर गल्ल्या आहेत म्हणतात. मोजायला कुणी गेलं नसेल, पण हरवायला पुरेशा आहेत. कातड्याच्या शौवारा हौदांकडे नेणारा पुदिन्याची काडी हातात देतो, ती वासासाठी. गच्ची दुकानाची असते, त्यामुळे खाली उतरताना खरेदीचा आग्रह होतो.

८५९ साली फातिमा अल-फिहरी यांनी स्थापलेली करावीयिन मशीद इथेच आहे, पण मुस्लिमेतरांना आत प्रवेश नाही; दारातून अंगण दिसतं. मोरोक्कोतल्या जवळपास सगळ्या मशिदींना हाच नियम. कासाब्लांकाची हसन दुसरे मशीद अपवाद, तिथे ठरलेल्या वेळी मार्गदर्शकासह आत नेतात. फेसची बू इनानिया मदरसा मात्र सगळ्यांना खुली आहे, आणि लाकूड-चुन्याचं ते काम बघायला निवांत तास ठेवा.

शाकाहारी आणि जैन मंडळींचं काय?

उपाशी राहत नाही कुणी, पण विचारून खा. ‘भाजीचं ताजीन’ (मातीच्या भांड्यात शिजवलेला रस्सा) म्हणून येतं ते बऱ्याचदा मटणाच्या रश्श्यात शिजवलेलं असतं किंवा भाज्यांखाली तुकडा निघतो. हरीरा सूपमध्येही मांस असू शकतं. ‘ब्ला लहम’, म्हणजे मांसाशिवाय, एवढं म्हणून भागत नाही. रस्साही मांसाचा नको हे फ्रेंचमध्ये लिहून घेऊन दाखवा. निर्धास्त खाण्यासारखं: बाकल्याच्या डाळीचं बिसारा, वांग्याचं झालूक (आपल्या भरिताचा भाऊच), टोमॅटो-मिरचीचं तक्तूका, मसूर, पांढरा घेवडा, खोब्झ पाव, मसेमन (घडीचा पराठा). जैनांना कांदा-लसूण टाळणं इथे अवघडच. स्वयंपाकघर असलेली जागा फेस-माराकेशला घ्या.

कडक भाकरी आणि शेंगाची चटणी या प्रवासाला अगदी नामी. भाकरी आठवडे टिकते, तापवावी लागत नाही, पाणी लागत नाही. भाकरी कडक डब्यात भरा, पिशवीत चुरा होतो. एक खबरदारी: दुबई-अबू धाबीमार्गे जात असाल तर खसखस आणि खसखस घातलेला काळा मसाला नेऊ नका, तिथे ती बंदी असलेल्या पदार्थांत मोडते. ट्रामाडॉल, कोडीन असलेली औषधंही तशीच.

पैसे कसे न्यायचे?

दिरहम सोलापुरात मिळणार नाही आणि आधी मिळवायची गरजही नाही. मोरोक्कोत आणताना किंवा तिथून बाहेर नेताना दोन हजार दिरहमपर्यंतच नेता येतात. युरो रोख आणि दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं न्या. विमानतळावर थोडे बदला, बाकी एटीएममधून. एर्रशिदिया किंवा एर्फूदला पैसे काढून घ्या, मेर्झूगात बहुतेक व्यवहार रोखीचा. एक-दोन-पाच दिरहमची मोड कायम खिशात हवी: राखणदार, संडास, चहा. टोलनाक्यावर ‘जवाझ’ लिहिलेली लेन टॅगवाल्यांची. त्यात शिरलात तर मागे भोंगे सुरू होतात.

पंपावर मुलगा इंधन भरतो, आणि घोटाळा इथेच होतो: ‘गॅसॉइल’ म्हणजे डिझेल, ‘सां प्लों’ म्हणजे पेट्रोल. टाकीच्या झाकणामागची चिठ्ठी त्याला दाखवा. चुकीचं भरलं गेलं तर चावीही फिरवू नका. न चालवलेली टाकी उपसून निभावतं, चालवलेलं इंजिन नाही. मिदेल्तच्या पुढे टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका.

गालिचे आणि ‘कॅक्टस सिल्क’ घ्यावं का?

सोलापूरकरांना सूत शिकवायची गरज नाही, तरी: माराकेशमध्ये निवडुंगाचं रेशीम म्हणून विकलं जातं ते बऱ्याचदा व्हिस्कोस किंवा पॉलिस्टर असतं. एक धागा मागून घ्या, जाळा. कागदासारखा जळून राख झाली तर व्हिस्कोस, वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर. रंग आवडला तर त्या भावात जरूर घ्या, रेशमाच्या भावात नको. गालिचा उलटा करून मागची वीण बघा आणि बोटाला थुंकी लावून रंग सुटतो का पाहा. मागितलेल्या किमतीच्या एक तृतीयांशापासून सुरुवात केली तरी कुणी रागावत नाही.

ड्रोन, फोन, अडचणीचे नंबर?

ड्रोन घरीच ठेवा. परवान्याशिवाय आणता येत नाही, विमानतळावरच जप्त होतो. सिम पासपोर्ट दाखवून तिथेच मिळतं. दक्षिणेत मारोक टेलिकॉमची रेंज बरी. घाटातल्या पट्ट्यांत काहीच लागत नाही, नकाशे आधीच उतरवून ठेवा. शहरात पोलिस १९, गावाबाहेर जांदार्मेरी (ग्रामीण पोलिस) १७७, रुग्णवाहिका आणि अग्निशमन १५. चार्जर दोन गोल पिनांचा चालतो, आपला तीन पिनांचा नाही.

गाडी परत करताना?

विमानाच्या साडेचार तास आधी कासाब्लांकात पोचा. विमानतळाआधीच्या पंपावर टाकी भरून पावती ठेवा, गाडी धुऊन घ्या; चिखलाखाली ओरखडा दिसला नाही म्हणून नंतर रक्कम कापल्याच्या तक्रारी असतात. सुरुवातीचा व्हिडिओ हाताशी ठेवून कर्मचाऱ्यासमोरच तपासणी करा आणि ‘नुकसान नाही’ असं करारावर लिहून सही घ्या. अडकवलेली अनामत सुटायला दोन-तीन आठवडे लागू शकतात, त्यामुळे पुढच्या महिन्याचं मोठं बिल त्याच कार्डावर धरू नका.